जोडीने काम करताना: स्वभाव जुळावा लागतो की सवयी लावता येतात?

शब्दवेल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला विषय आज मांडते आहे. मी पुस्तकांचं संपादन करते आणि माझा सहकारी पानं लावतो. मजकूर माझ्याकडून त्याच्याकडे जातो, मुद्रितं, म्हणजे तपासायची छापील पानं, त्याच्याकडून माझ्याकडे येतात. माणूस कामाला चोख आहे, बोलायला गोड आहे, आमचं एकदाही वाजलेलं नाही. पण काम मागे पडलं असेल तर ते मला ठरलेल्या दिवशीच कळतं. आदल्या दिवशी विचारलं तरी उत्तर एकच, "हो हो, होतंय."

त्याची तक्रार करायला धागा काढलेला नाही. मला प्रश्न पडलाय तो असा: दोघांनी मिळून करायचं काम वर्षानुवर्षं नीट चालतं ते कशामुळे? माझं मत विचाराल तर वाईट बातमी एकमेकांना किती लवकर सांगितली जाते, त्यावर जोडीची तब्येत ठरते. उशीर, चूक, मतभेद, कंटाळा, सगळं लवकर कळलं तर निभावता येतं. पण ही सवय मोठ्या माणसांना लागते का? आपण स्वतःला कशी लावायची आणि समोरच्याला न दुखावता त्याच्यापर्यंत कशी न्यायची?

अनुभव लिहा. वाचलेलंही चालेल.

रोखठोक

स्वभाव. बाकी सगळं वरचं पॉलिश. गप्प बसणारा गप्पच बसतो, घाई करणारा घाईच करतो. जोडीदार निवडतानाच नीट निवडावा.

हिरवा_गाऊन

रोखठोक, जोरदार असहमत!

मी शस्त्रक्रियागृहात सिस्टर आहे. आम्हाला जोडीदार निवडता येत नाही, ड्युटीचा तक्ता निवडतो. आज जिच्याबरोबर उभी आहे तिचा स्वभाव मला ठाऊकही नसतो. तरी काम बिनचूक व्हावं लागतं आणि बहुतेक वेळा होतं.

एक उदाहरण देते. पोट बंद करायला घेण्याआधी गॉज (रक्त टिपायच्या कापडी घड्या), सुया आणि हत्यारं मोजतात. टेबलाजवळची स्क्रब सिस्टर आणि बाहेरची सिस्टर, दोघी एकाच वेळी, मोठ्याने. प्रत्येक गॉज वेगळा करून दोघींच्या नजरेसमोर धरायचा. एकीने मोजून दुसरीला आकडा सांगायचा, हे चालत नाही. मध्येच कुणी हाक मारली, लक्ष विचलित झालं, की तो प्रकार पुन्हा पहिल्यापासून. आकडा सुरुवातीला मोजून बोर्डावर लिहिलेल्या आकड्याशी जुळला नाही तर सर्जनला सांगायचं आणि शोधायचं. तिथे कुणाच्या मनात "माझ्यावर विश्वास नाही का?" असं येत नाही, कारण हे रोजचं आहे आणि सगळ्यांना सारखंच लागू आहे.

मला वाटतं इथेच मर्म आहे. तपासणं जेव्हा सवयीचा भाग असतं तेव्हा ते टोचत नाही. एखाद्याच दिवशी तपासलं की संशय वाटतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी तपासणी यादी आणली. भूल देण्याआधी, चीर घेण्याआधी आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी, असे तीन टप्पे. त्यात चीर घेण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. ऐकायला साधं वाटतं. पण एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे काही खटकलं तर बोलतो, हे मी रोज बघते.

आकडेमोड

हिरवा_गाऊन ताई, प्रतिसाद आवडला. एक पुरवणी जोडतो. त्या यादीवरचा पहिला मोठा अभ्यास २००९ मध्ये आला. आठ शहरांतली आठ रुग्णालयं होती आणि मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं होतं. पण पुढे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात यादी सगळीकडे सक्तीने लागू झाली, तेव्हा २०१४ च्या अभ्यासात म्हणावा तसा फरक दिसला नाही. सवय वरून लादली की तिचा कागद होतो का, असा प्रश्न पडतो.

हिरवा_गाऊन

आकडेमोड, बरोबर बोट ठेवलंत. यादी दोन प्रकारे भरता येते. एक, सगळे थांबून, एकमेकांकडे बघून, मोठ्याने वाचून. दुसरी, कोपऱ्यात उभं राहून पटापट टिका मारून. कागद दोन्हीकडे सारखाच दिसतो. म्हणून नुसती यादी आणून भागत नाही, थांबायची सवय लागावी लागते. आणि ती सर्वात ज्येष्ठ माणूस थांबला तरच लागते.

धावपट्टी

शेवटच्या वाक्याला +१००.

विमान वाहतुकीत हीच गोष्ट फार मोठी किंमत मोजून शिकावी लागली. २७ मार्च १९७७, स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा विमानतळ. धुक्यात धावपट्टीवर दोन जंबो एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. उड्डाण घेणाऱ्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती की दुसरं विमान अजून धावपट्टीवरच असावं. त्याने विचारलंही. कॅप्टन कंपनीतला अतिशय ज्येष्ठ आणि नावाजलेला. त्याने ठामपणे उत्तर दिलं आणि विषय तिथेच संपला. कारणं अर्थातच अनेक होती, रेडिओवर एकाच वेळी दोघं बोलल्याने महत्त्वाचे शब्दही ऐकू आले नव्हते. पण शंका बोलून दाखवली गेली आणि तरीही ती पुरेशी ठरली नाही, हे मला सगळ्यात अस्वस्थ करतं.

१९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली. त्यातून क्रू रिसोर्स मॅनेजमेंट नावाचं प्रशिक्षण उभं राहिलं. कनिष्ठाने शंका कशी मांडायची हे त्यात पायरीपायरीने शिकवतात. आधी समोरच्याचं लक्ष वेधायचं, मग आपल्याला काय खटकतंय ते सांगायचं, मग नेमकी अडचण, मग आपल्याला सुचणारा उपाय आणि शेवटी "तुम्हाला काय वाटतं?" हे पाठ करून घेतात, सराव करून घेतात. रोखठोक, सांगायचा मुद्दा हा की बुजऱ्या स्वभावाची माणसंही हे शिकतात.

अजून एक. विमानाचा ताबा दुसऱ्याकडे देताना "तुझ्याकडे" आणि "माझ्याकडे" हे शब्दांत बोललं जातं. चालवणारा कोण आणि लक्ष ठेवणारा कोण हे कधीच गृहीत धरत नाहीत. ऑफिसात निम्मे घोळ "मला वाटलं तू करतोयस" यातून होतात.

मोगरा_७

"मला वाटलं तू करतोयस" हे वाक्य चौकट करून भिंतीवर लावायला हवं :)

गणिती

वेगळ्या टोकाचं उदाहरण देतो. हार्डी आणि लिटलवुड, गणितातली बहुधा सर्वात गाजलेली जोडी. सुमारे पस्तीस वर्षं एकत्र काम, शंभरच्या आसपास शोधनिबंध. त्यांनी आपसात चार नियम ठरवले होते असं हाराल्ड बोर या गणितज्ञाने सांगून ठेवलंय. एक, पत्रात लिहिलेलं बरोबर आहे की चूक याने फरक पडत नाही. दोन, आलेलं पत्र वाचायचं बंधन नाही, उत्तर द्यायचं तर नाहीच. तीन, दोघांनी एकाच बारकाव्यावर विचार करत बसू नये. चार, एखाद्या निबंधात एकाने काडीचंही काम केलं नसेल तरी नावं दोघांचीच.

वरवर बघता चारही नियम बेजबाबदार वाटतात. पण नीट बघा, कुरबुरीची नेहमीची कारणं यातून मुळातच निघून जातात. चुकीची भीती गेली, उत्तराची वाट बघणं गेलं, श्रेयाचं माप काढणं गेलं.

रोखठोक

गणिती, यांच्यावर प्रकाशनाची तारीख नव्हती हो. शब्दवेल ताईंच्या सहकाऱ्याला दुसरा नियम कळला तर तो मुद्रितं पाठवणंच बंद करेल.

गणिती

हाहा, मान्य. नियम उचलून आणायचे नसतातच. त्या दोघांना काय टोचतं ते त्यांनी ओळखलं आणि त्यावर नियम केले. तुम्हा-आम्हाला टोचणाऱ्या गोष्टी वेगळ्या, म्हणून नियमही वेगळे. पण नियम आधी ठरवले आणि मग पाळले, हे घेण्यासारखं आहे.

कंस_बंद

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, जोडीने कोड लिहितो. एक जण कीबोर्डवर, दुसरा शेजारी बसून पुढचा विचार करणारा आणि चुका पकडणारा. ठरावीक वेळाने जागा बदलायच्या. हे जागा बदलणं टाळलं की जोडी बिघडायला लागते, एक जण करणारा होतो आणि दुसरा नुसता शेरे मारणारा.

शेरे मारण्याबद्दलही लिहायचं आहे. "हे चुकलंय" याऐवजी "रिकामी यादी आली तर इथे काय होईल?" असं विचारलं की समोरचा स्वतःच बघतो, स्वतःच दुरुस्त करतो. सुरुवातीला हे मुद्दाम करावं लागतं. सरावाने जिभेवर बसतं. माझ्या दृष्टीने व्यक्तिमत्त्व विकास म्हणतात तो एवढाच.

सांजसावली

श्रेयाचा विषय निघालाच आहे तर त्यावर लिहिते, कारण माझ्या मते जोड्या सर्वात जास्त तिथे फुटतात.

रॉस आणि सिकोली या मानसशास्त्रज्ञांचा १९७९ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यांनी नवराबायकोंना वेगवेगळं विचारलं, घरच्या अमुक कामात तुमचा वाटा किती? दोघांच्या उत्तरांची बेरीज केली तर ती बहुतेक बाबतींत शंभर टक्क्यांच्या वर जायची. खोटं कुणीच बोलत नव्हतं. स्वतः केलेलं डोळ्यांसमोर असतं म्हणून आठवतं. दुसऱ्याने केलेलं आपण पाहिलेलंच नसतं.

हे वाचल्यापासून मी एक सवय लावून घेतली आहे. आठवड्याच्या शेवटी जोडीदारणीला विचारते, "या आठवड्यात तू असं काय केलंस जे मला दिसलं नसेल?" पहिल्यांदा ती गोंधळली. मग म्हणाली, "तू पाठवलेल्या फायलींची नावं मी दर वेळी बदलून नीट लावते." मला याचा पत्ताच नव्हता! ते काम तेव्हापासून मी करते. तीही मला हाच प्रश्न विचारते आणि त्यामुळे न सांगता साचत जाणारं बरंच काही वेळेत बाहेर येतं.

डोंगरवाट

श्रेयावरून तेनसिंग आणि हिलरी आठवले. २९ मे १९५३ ला दोघं एव्हरेस्टवर पोचले आणि खाली आल्यावर जगाचा एकच प्रश्न, पहिलं पाऊल कुणाचं? दोघांनी सांगितलं, आम्ही जवळजवळ एकत्रच पोचलो. पुढे १९५५ मध्ये तेनसिंगने स्वतःच आत्मचरित्रात लिहिलं की हिलरी काही पावलं पुढे होता. हे दुसऱ्याच्या बाजूने सांगितलं गेलं, याचं मला फार मोल वाटतं.

अवांतर: आम्ही प्रस्तरारोहण करतो. चढायला सुरुवात करण्याआधी दोघं एकमेकांचा हार्नेस (कमरेचा पट्टा), दोराची गाठ आणि कॅरॅबिनरचं (दोर अडकवायच्या कडीचं) लॉक बघतो, हात लावून. कितीही अनुभवी माणूस असो. हिरवा_गाऊन ताईंचं गॉज मोजणं वाचून तेच आठवलं.

आकडेमोड

पण श्रेय दोघांच्या हातात नसतं, ते जग वाटतं. कानमन आणि टव्हर्स्की ही मानसशास्त्रज्ञांची जोडी घ्या. माणसं निर्णय कसे घेतात यावरचं त्यांचं काम इतकं एकजीव होतं की पहिल्या शोधनिबंधावर नाव आधी कुणाचं हे नाणं उडवून ठरवलं. पुढे बाहेरून मानसन्मान टव्हर्स्कीच्या वाट्याला जास्त येऊ लागले. १९८४ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप हा मोठा अमेरिकन सन्मान मिळाला तीही त्याला एकट्याला. त्याने दोघांत ताण आला. टव्हर्स्की १९९६ मध्ये वारला आणि २००२ चं नोबेल कानमनला मिळालं. जिथे दोघांच्या मनात हिशेब नव्हता तिथेही बाहेरच्यांनी तो आणून ठेवला.

मोगरा_७

आणि नाणं कुणाचं यावरून वाद झाला तर?

सांजसावली

मोगरा, नाणं तिसऱ्याकडून उसनं घ्यायचं :)

आकडेमोड, पटलं. म्हणूनच बाहेरचं कुणी एकाचं कौतुक करतं तेव्हा दुसऱ्याचं नाव तिथल्या तिथे घेणं, चार लोकांसमोर घेणं, ही सवय फार गरजेची आहे. नंतर खाजगीत "तुझ्यामुळेच झालं" म्हणण्याला तेवढं वजन राहत नाही.

जुना_वहीखाते

थोडं कडू लिहितो. एका मित्राबरोबर बरीच वर्षं भागीदारीत काम केलं, ते मोडलं. मैत्री होती म्हणून काहीच लिहून ठेवलेलं नव्हतं. कुणी बेइमानी केली नाही. फक्त सुरुवातीला काय ठरलं होतं ते दोघांना वेगवेगळं आठवत होतं, आणि आपापल्या आठवणीवर दोघांचा पूर्ण विश्वास. वेगळं व्हायची वेळ आली तेव्हा जुनी गिऱ्हाइकं कुणाची, अर्धवट कामं कुणी पुरी करायची, नाव कुणी वापरायचं, प्रत्येक गोष्ट नव्याने ठरवावी लागली. तीही अशा वेळी जेव्हा एकमेकांशी धड बोलवत नव्हतं.

आता जे कुणी विचारायला येतं त्याला सांगतो, वेगळं कसं व्हायचं हे गोडीत असतानाच बसून ठरवा आणि कागदावर घ्या. त्यात अविश्वास नाही. उलट असा कागद असला की रोजच्या बारीकसारीक मतभेदांत "आता हे मोडणार" अशी धास्ती वाटत नाही, माणूस मोकळेपणाने भांडतो.

कंस_बंद

वहीखाते काका, मोकळेपणाने भांडण्यावरून राइट बंधू आठवले. प्रोपेलरच्या रचनेवरून दोघं तासन्‌तास आरडाओरडा करून वाद घालायचे आणि बऱ्याचदा शेवटी दोघांनी बाजू बदललेल्या असायच्या. ऑर्व्हिलला विल्बरचं पटलेलं आणि विल्बरला ऑर्व्हिलचं. पुन्हा वाद सुरू! पण १९०३ मध्ये त्यांचं विमान उडालं तेव्हा त्यांनी स्वतः आखलेले ते प्रोपेलर उत्तम चालले.

रोखठोक

ते सख्खे भाऊ होते. असं ओरडणं सहकाऱ्याबरोबर करून बघा.

कंस_बंद

ओरडणं सोडून द्या. समोरच्याची बाजू त्याच्याइतकीच नीट मांडून दाखवता येणं, एवढं तरी घ्या. आम्ही कधी कधी मुद्दाम करतो: आधी तू माझं म्हणणं सांग, मी "बरोबर" म्हटलं की मगच खोडून काढ. निम्मे वाद तिथेच मिटतात, कारण आपण वेगळ्याच गोष्टीवर भांडत होतो हे कळतं.

शब्दवेल (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. किती वेगवेगळ्या क्षेत्रांतून लिहिलंत! वाचताना वहीत टिपणं काढली आहेत.

पण माझा मूळ प्रश्न थोडा मागे पडलाय. "हो हो, होतंय" याचं काय करू? बाजू मांडायला, वाद घालायला आधी समोरच्याने काही बोलायला हवं. तो नकार कधी देतच नाही.

धावपट्टी

ताई, "होतंय ना?" असा प्रश्न असेल तर "हो" हेच उत्तर येणार. आमच्याकडे जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रकाने सांगितलेली उंची वैमानिक परत बोलून दाखवतो. नुसतं "समजलं" चालत नाही. कारण "समजलं" यातून काय समजलं ते कळत नाही. तुम्ही असा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर हो-नाहीत देताच येणार नाही. "आत्ता कुठल्या पानावर आहेस?" "कुठलं प्रकरण सर्वात त्रासाचं वाटतंय?"

हिरवा_गाऊन

आणि उत्तर आल्यावर आपला चेहरा कसा होतो तेही बघा. "अजून तिथेच?" असं एकदा तोंडातून गेलं की पुढच्या वेळी "हो हो"च ऐकायला मिळेल. एमी एडमंडसन या संशोधिकेने रुग्णालयांतल्या चमूंचा अभ्यास केला तेव्हा चांगल्या चमूंत चुकांची नोंद कमी सापडेल अशी त्यांची अपेक्षा होती. निघालं उलटं, तिथे नोंदी जास्त होत्या. त्यांचा निष्कर्ष असा की त्या चमूंतली माणसं चुका सांगायला घाबरत नव्हती. वाईट बातमी आणणाऱ्याला पहिला शब्द "बरं झालं सांगितलंस" असा यायला हवा. खोटाखोटा नको, खरंच वाटायला हवं.

सांजसावली

शिवाय आधी स्वतःची वाईट बातमी द्या. "माझं चौथं प्रकरण दोन दिवस लांबणार आहे, आत्ताच सांगते आहे म्हणजे तुला जुळवून घेता येईल." असं तुम्ही दोन-तीनदा केलंत की त्यालाही कळेल, इथे असं चालतं.

रोखठोक

मी स्वभावाचा मुद्दा सोडलेला नाही. काही माणसांना नकार देताच येत नाही, कितीही प्रश्न बदला. पण त्यावर एक तोडगा सांगतो, कारण माझ्या हाताखाली असा एक जण होता. त्याला तारीख विचारायची नाही. दोन तारखा विचारायच्या: सगळं सुरळीत गेलं तर कधी, आणि मध्ये काही अडलं तर कधी. दुसरी तारीख सांगताना त्याला नकार दिल्यासारखं वाटत नाही, आणि तुम्ही कामाची आखणी त्या दुसऱ्या तारखेवर करता.

गणिती

रोखठोक, ही तर सवयच झाली की.

रोखठोक

माझी. त्याची नव्हे.

शब्दवेल (धागाकर्ती)

दोन तारखांची कल्पना फारच आवडली! आणि सांजसावली, तुमचं वाक्य जसंच्या तसं वापरणार आहे, कारण माझं एक प्रकरण खरोखरच लांबणार आहे. पुढच्या पुस्तकाची बैठक सोमवारी आहे, तिथे दोन्ही करून बघते.

एकच शंका. या पुस्तकात तिसरी व्यक्ती येते आहे, चित्रकार. तिलाही याच बैठकीत घ्यावं की आधी आम्ही दोघांनी बोलावं?

हिरवा_गाऊन

तिला पहिल्यापासून घ्या. आणि कुणाचं काय काम हे प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने सांगा, म्हणजे तीही बोलती होईल.

आकडेमोड

तिसरा माणूस आला की प्रत्येक कामापुढे एकाचंच नाव लिहा. रिंगलमान नावाच्या फ्रेंच अभियंत्याने दोर ओढायला लावून मोजलं होतं, १९१३ मध्ये ते छापून आलं. माणसं वाढतात तसा प्रत्येकाचा जोर कमी होत जातो. "आपण तिघं बघून घेऊ" असं एकही काम ठेवू नका.

मोगरा_७

आणि सोमवारी काय झालं ते इथे लिहा, मी वाट बघते आहे.